कपाशीच्या बोंडातली पेशी

पेशी शिकवायची म्हटलं की आपल्याकडे आधी थर्माकोल आठवतो. अर्धा गोल कापायचा, मधोमध लाल चेंडू बसवायचा, आजूबाजूला हिरवे-पिवळे गोळे चिकटवायचे आणि टाचण्यांना चिठ्ठ्या लावायच्या: केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी पिंड. प्रदर्शन संपलं की मॉडेल कपाटावर जातं. ते करणाऱ्या मुलांच्या मेहनतीचं मला कौतुकच आहे. पण त्यातून मनात जे चित्र बसतं ते फार अपुरं असतं. पेशी म्हणजे एक गोल वस्तू, तिच्यात काही सुटे भाग, आणि त्या भागांची नावं पाठ झाली की धडा संपला. ती काय करते, कशाने वाढते, कशाने मरते, तिचा आकार तसाच का, हे विचारायचं कुणाला सुचतही नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि लग्नानंतर अमळनेर तालुक्यातल्या कपाशीच्या घरात आले. लेक आठवीत आहे, पुतण्या सातवीत. दोघांना घरी पेशी दाखवायची ठरली तेव्हा मी एकच गोष्ट मनाशी धरली: आधी पेशीचं काम दाखवायचं, नाव मागाहून येऊ दे. आणि काम दाखवायचं तर खानदेशात कुठे लांब जायची गरज नाही. आमचा सगळा बाजार ज्या पिकावर चालतो, त्याचा धागा न् धागा ही एकेक पेशी आहे.

हे पहिल्यांदा ऐकलं की कुणाचाही विश्वास बसत नाही. पेशी सूक्ष्म असते, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही, असंच आपण घोकलेलं असतं. कापसाचा एक धागा मात्र दोन बोटांत धरता येतो, उन्हात धरला की दिसतो, आणि तो अथपासून इतिपर्यंत एकच पेशी असतो. अडीच-तीन सेंटिमीटर लांब, आणि जाडीला मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा किंवा त्याहूनही बारीक.

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण फूल उमलतं त्याच दिवशी आत, कोवळ्या बियांच्या सालीवर, पेशी फुगायला लागतात. सालीवरच्या साधारण चारांतली एक. ती दुभंगत नाही, एकटीच बाहेरच्या बाजूला लांब होत जाते. सुमारे तीन आठवडे लांबी वाढते. मग ती थांबते आणि भिंत आतल्या बाजूने जाड व्हायला लागते, सेल्युलोजच्या थरावर थर. पन्नासेक दिवसांनी बोंड फुटतं आणि आपण वेचायला जातो.

आम्ही फुलं उमलली त्या त्या दिवशी देठाला रंगीत दोरे बांधले आणि वहीत तारखा लिहिल्या. बांधाकडच्या ओळीत, जिथे फवारणी टाळली होती तिथे. मग दोऱ्याच्या हिशेबाने वेगवेगळ्या वयाच्या कैऱ्या, म्हणजे कपाशीची न फुटलेली बोंडं, तोडून घरी आणल्या आणि परातीत ठेवून विळीवर चिरल्या. पहिली, जेमतेम दहा-बारा दिवसांची. आतल्या पाकळ्या बुळबुळीत, बियांवरची लव ओली, बोटाला चिकटणारी. दुसरी तीन आठवड्यांच्या पुढची. तिच्यात पांढरा पुंजका पुरता भरलेला, पण चिमटीत दाबला की पाणी निघायचं. तिसरी फुटायला टेकलेली, तिच्यात रुई दाटून बसलेली.

"म्हणजे कापूस आधी ओला असतो?" लेकीने विचारलं.

असतो, कारण तेव्हा तो जिवंत असतो. त्या पाण्याच्या दाबानेच तर पेशी लांब होते. आत मोठी रिक्तिका, म्हणजे पेशीतली पिशवी, पाण्याने तुडुंब भरलेली असते आणि ती भिंतीला बाहेर रेटत राहते. रिक्तिका हे नाव लेकीने आठवीच्या पुस्तकात वाचलं होतं, वहीत तिला निळा रंगही दिला होता. ती काय करते ते तिला त्या परातीत कळलं.

वेचलेल्या कापसातली एक सरकी घेतली, बोटं ओली करून तिच्यावरचे धागे चहूबाजूंनी सरळ केले आणि काळ्या कागदावर ठेवून पट्टीने मोजले. जिनिंगवर कापूस नेला की व्यापारी चिमूटभर रुई दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढतो, जुळवतो, पुन्हा ओढतो आणि लांबी सांगतो. मुलांनी ते कितीदा पाहिलं होतं. तो पेशीची लांबी मोजत असतो, आणि तिच्यावरून भाव ठरतो, हे कळल्यावर पुतण्याला ती गोष्ट सगळ्यांना सांगत सुटायची घाई झाली. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "एक धागामा एकच पेशी? मंग मन्हा लुगडामा कितल्या व्हतीन?"

प्रश्न इतका चांगला होता की आम्ही हिशेबालाच बसलो. एका ग्रॅम रुईत लाखाच्या वर धागे असतात. सुती लुगडं अर्ध्या किलोचं धरलं तरी पाच कोटींच्या वर पेशी. सासूबाईंनी पदर हातात घेऊन नीट पाहिला.

पण बोंड फुटल्यावर ती पेशी मेलेली असते, हे मुलांना सांगणं मला महत्त्वाचं वाटलं. आतलं पाणी आटतं, जीवद्रव्य सुकतं, पोकळ नळी बसते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली धागा ठेवला तर हा पीळ स्पष्ट दिसतो. या पिळामुळे धागे एकमेकांना धरून राहतात आणि सूत कातता येतं. सातपुड्यात सावरीचा कापूस मिळतो, उशांत भरतात तो. तोही एकपेशीय धागाच, पण गुळगुळीत, सरळ, पीळ नसलेला. त्यामुळे त्याचं सूत नीट निघत नाही. दोन्ही धागे शेजारी ठेवून पाहिले की पेशीचा आकार आणि तिचा उपयोग यांचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथे मी मुलांना इतिहास सांगितला, कारण तो इथेच शोभतो. १६६५ साली रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या सालीचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्याला रिकामे कप्पे दिसले. ते रिकामे होते कारण त्या पेशी मेलेल्या होत्या, उरल्या होत्या फक्त भिंती. आपला फुटलेला कापूसही तसाच. त्यानंतर काही वर्षांनी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा आंतोनी फान लेव्हेनहुक तळ्याचं पाणी, रक्त, दातांवरचा थर असं काय काय पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं पाठवू लागला. जिवंत, हलत्या पेशी त्याने पाहिल्या. हा माणूस कापडाचा व्यापारी होता. त्या धंद्यात कापडाचे धागे पारखायला भिंग वापरत. सूक्ष्म जिवांचं जग माणसाला पहिल्यांदा दिसलं ते एका कापडवाल्याला, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या गावातल्या मुलांना सांगताना मला फार आनंद झाला. विज्ञान दुसऱ्या कुणाच्या तरी घरात घडतं, असं आमच्याकडच्या मुलांना उगाच वाटत असतं.

लेव्हेनहुकचं भिंग म्हणजे काचेचा इवलासा मणी. आज फोल्डस्कोपमध्येही तसंच बारीक भिंग असतं. मनु प्रकाश हे आयआयटी कानपूरमध्ये शिकले, पुढे स्टॅनफर्डला गेले आणि २०१४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घडीचा, कागदाचा सूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला. सुमारे १४० पट मोठं दिसतं. घरात एक असला तरी पुरे. मोबाईलच्या कॅमेऱ्याला जोडला की दोघातिघांना एकदम पाहता येतं आणि भांडणं होत नाहीत.

कांद्याची साल सगळेच पाहतात, आम्हीही पाहिली. पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब, वर काचपट्टी, आणि विटा रचल्यासारख्या पेशींत तपकिरी केंद्रक. त्यावर जास्त लिहीत नाही. त्याहून मोलाचं काम केलं अंगणातल्या कुंडीतल्या ऱ्हिओ या शोभेच्या झाडाने. त्याच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. पान तिरकं फाडलं की कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा सुटतो. तो पाण्याच्या थेंबात ठेवला की जांभळ्या पेशी काठोकाठ भरलेल्या दिसतात, मधेमधे हिरवट पर्णरंध्रं. आता कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि डोळा काढायचा नाही. जांभळा रंग भिंतीपासून सुटायला लागतो, कोपऱ्यातून आत सरकतो, आक्रसत आक्रसत मधोमध एक गोळा होतो. भिंत जागच्या जागी राहते. टिपकागदाने खारं पाणी ओढून साधं पाणी सोडलं की तो गोळा हळूहळू फुगतो आणि पुन्हा भिंतीला टेकतो.

पेशीभित्तिका, म्हणजे बाहेरची भिंत, वेगळी आणि प्रद्रव्यपटल, म्हणजे तिच्या आतला पातळ पडदा, वेगळं, हे मी कॉलेजात पाठ करून शिकले होते. ही दोघं ते डोळ्यांनी पाहून शिकली. नंतर पुतण्यानेच सुचवलं की गरम पाणी टाकून पाहू. दुसरा पापुद्रा उकळत्या पाण्यात बुडवून काढला, तर जांभळा रंग सगळीकडे पसरला आणि मिठाला पेशींनी काही दादच दिली नाही. पटल फाटलं की पेशीला आत काय ठेवायचं आणि बाहेर काय ठेवायचं हे ठरवता येत नाही. जिवंत असणं म्हणजे निदान इतकं तरी ठरवता येणं, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते मी मनापासून सांगितलं.

त्यानंतर स्वयंपाकघरात पटलाचीच चर्चा. भरताचं वांगं आम्ही कपाशीच्या काड्यांवर भाजतो. कच्चं वांगं दाबलं की स्पंजासारखं दबतं, कारण त्याच्या गरात पेशींच्या मधे हवेच्या खूप जागा असतात. भाजलं की पटलं फुटतात, पाणी सुटतं, त्या जागा बसतात आणि फुगीर वांगं परातीत लोळागोळा होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की खार सुटतो, मनुका भिजवल्या की टरारतात, तेही हेच. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून एक खाऱ्या पाण्यात, एक साध्या पाण्यात टाकली आणि रात्रभराने मोजली, तर खाऱ्या पाण्यातली आखूड आणि लुळी. परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं खाऱ्या बाजूकडे जाणं, हा शब्द तेव्हा दिला. तो लगेच बसला.

केळीची गोष्ट मात्र निवांत सांगायला हवी, कारण रावेर-यावलची केळी हा आमचा दुसरा अभिमान. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवं केळ कापून त्यावर आयोडीन टाकलं की ते काळंनिळं होतं. त्याच्या गरात पाचवा हिस्सा तरी स्टार्च असतो, आणि तो पेशींच्या आत कणाकणांनी साठवलेला असतो. खरवडलेला गर पातळ पसरून फोल्डस्कोपखाली धरला तर हे कण दिसतात, आयोडीनने निळे झालेले. पिकलेल्या केळ्यावर तेच आयोडीन टाका, फारसा रंग चढत नाही. पेशींनी मधल्या दिवसांत स्टार्चची साखर करून टाकली. आम्ही घडातली केळी एक दिवसाआड कापत गेलो आणि काळा डाग कमी कमी होत गेलेला पाहिला. केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडतात तो याच कामाला चालना द्यायला. केळीच्या गाड्या रस्त्याने जाताना मुलं रोज पाहतात.

पिकलेल्या केळ्यातून डीएनए काढायचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो, पण तो पटलाच्या गोष्टीनंतर करावा. मग साबण का टाकायचा हे मुलंच सांगतात. अर्धं केळ कुस्करायचं, अर्धा कप पाण्यात चमचाभर मीठ आणि भांडी घासायचा पातळ साबण हलक्या हाताने मिसळून त्यात घालायचं, फेस करायचा नाही. दहा मिनिटांनी सुती कपड्याने गाळायचं. काचेच्या पेल्यातल्या गाळलेल्या पाण्यावर फ्रीजरमध्ये गार केलेलं सर्जिकल स्पिरिट पेल्याच्या कडेने अगदी हळू सोडायचं. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅसपासून लांब, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. दोन थरांच्या मधे ढगाळ पांढरे तंतू वर चढायला लागतात. काडीवर गुंडाळता येतात. ते निव्वळ डीएनए नसतं, केळ्यातलं पेक्टिन आणि प्रथिनंही त्यात अडकलेली असतात, हेही मुलांना सांगावं. खरं सांगितल्याने आश्चर्य कमी होत नाही.

साबणाने पटल विरघळलं, केंद्रकाचंही विरघळलं, आतलं बाहेर आलं. आणि आपल्या केळीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, अकरा-अकराचे, म्हणजे तेहतीस. तीनाची जोडी लागत नाही, म्हणून बी धरत नाही. पूर्वी कंद लावायचे, आता पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग असो की पावसाच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग, बरीच लागवड टिश्यूकल्चर रोपांची. कोंबाच्या टोकाचा छोटासा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत त्यापासून हजारो रोपं करतात. त्या तुकड्यातल्या पेशी अजून कसल्याही झालेल्या नसतात, पान नाहीत, मूळ नाहीत, काहीही होऊ शकतात. कपाशीच्या सालीवरची एक पेशी धागा होऊन मरते आणि केळीच्या कोंबातली एक पेशी अख्खी बाग होऊ शकते, यावर लेक बराच वेळ गप्प होती. मी तिला विचारलं नाही काय विचार करतेस. काही गोष्टी मुलांना आपल्या आपण पचवू द्याव्यात.

रक्ताच्या पेशीबद्दल मी आधीच ठरवलं होतं की घरात कुणाच्या बोटाला सुई टोचायची नाही. तशी चित्रफीत दाखवून काही लोक मुलांकडून करवून घेतात, ते मला अजिबात पटत नाही. पण खानदेशात पेशी शिकवायची आणि सिकलसेलचं, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, नाव काढायचं नाही, हेही पटत नाही. नंदुरबार जिल्ह्यात आणि सगळ्या सातपुड्याच्या पट्ट्यात पावरा, भिल्ल समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे.

शेतावर ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडे पडलेले असतात. एक तुकडा पाण्याने धुऊन तिरका धरला. भिजवलेला साबुदाणा पाण्यासोबत ओतला, तो सरसर निघून गेला. निरोगी लाल पेशी तशीच मऊ असते. साडेसात मायक्रोमीटरच्या आसपास रुंद, आणि आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून घडी होऊन जाणारी. मग त्याच साबुदाण्यात कच्ची, वाकडी मॅकरोनी मिसळली. नळीच्या तोंडाशी तुंबलं, मागचा साबुदाणाही अडकला. लाल पेशीत ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातलं सहाव्या जागेवरचं एक बदलतं. तेवढ्याने ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि पेशी आतून ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशी पेशी १०-२० दिवसांत मोडते, निरोगी पेशी १२० दिवस जगते. म्हणून एकीकडे रक्त कमी आणि दुसरीकडे वाहिन्या तुंबून असह्य कळा.

वेचणीला नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीकडची कुटुंबं आमच्या शेतावर येऊन राहतात. त्यांच्यातला एक मुलगा, लेकीच्या वयाचा, हे सगळं शेजारी उभा राहून पाहत होता. पाणी तुंबलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या भावाला असंच. थंडीत पाय धरून रडतो. पाणी कमी प्यायला की जास्त दुखतं." थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी कळा उठतात हे वैद्यकाच्या पुस्तकात असतं. त्याने ते एका वाक्यात सांगितलं. मग माझ्या दोघांनी त्याला विचारायला सुरुवात केली आणि मी बाजूला झाले. भावाचं सिकलसेलचं कार्ड आहे, तो रोज गोळी घेतो, शाळेत पळायच्या शर्यतीत त्याला घेत नाहीत. नळी, साबुदाणा, मॅकरोनी सगळं त्याच्या हातात गेलं आणि तो पुतण्याला दाखवू लागला की जास्त पाणी ओतलं की थोडं सुटतं.

त्याची आई संध्याकाळी मला भेटली. मोठ्या मुलीच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं, तिचीही तपासणी करावी का, असं तिने विचारलं. मी सांगितलं ते असं: मुलगी वाहक असली, म्हणजे हा बदल तिला आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला असला, तरी तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही. पण नवराही वाहक असला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल आजारी जन्मेल. दोघांची तपासणी आधी झालेली बरी. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी होते, त्यात काही आढळलं तर प्रयोगशाळेत दुसरी, नक्की करणारी. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, आदिवासी भागात चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायचं तिचं उद्दिष्ट आहे, सरकारी दवाखान्यात विचारायला संकोच करू नये. तिने मुलाच्या बाबांना बोलावून तेच पुन्हा सांगायला लावलं. मुलाने मात्र आमच्याकडून नळीचा तुकडा आणि मूठभर मॅकरोनी मागून घेतली. झोपड्यांवरच्या बाकीच्यांना त्याला स्वतः दाखवायचं होतं.